दुसऱ्या गेटापाशी राहणाऱ्या रूळवेड्याची दिनचर्या

दुसरं गेट (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ८:१०

मागे एका धाग्यावर मी लोंढ्याच्या यार्डाबद्दल चार ओळी खरडल्या होत्या. त्यावर दोघा-तिघांचे व्यनि (खाजगी निरोप) आले: "काका, रेल्वेचा इतिहास लिहिता म्हणजे दिवसभर नेमकं करता काय?" हाच प्रश्न आमच्या घरात रोज विचारला जातो, फक्त जरा वरच्या पट्टीत. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

मी रेल्वेचा माणूस नाही, पोस्टाचा. आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, सॉर्टर होतो. डाकेच्या डब्यात उभं राहून रात्रभर पत्रं खणात टाकायची आणि पहाटे डोळे चोळत उतरायचं, यात नोकरी गेली. लेट फीचं तिकीट लावलेलं पत्र लोक धावत येऊन थेट डब्याच्या पेटीत टाकायचे, ते हात अजून आठवतात. चेहरे नाही आठवत. निवृत्त झालो आणि टिळकवाडीत दुसऱ्या गेटापासून हाकेच्या अंतरावर घर घेतलं. बेळगावकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्याकडे पत्ता गेटावरून सांगतात. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. काँग्रेस रोडच्या अंगानेच रूळ जातो. "गेट पडलंय" म्हटलं की उशिराला दुसरं कारण द्यावं लागत नाही.

सकाळी साडेपाचला थर्मास, वही आणि टोपी घेऊन गेटापाशी. वहीत गाडी, वेळ, इंजिनाचा नंबर, मालगाडी असेल तर वाघिणी किती आणि त्यात काय. गेटमन ओळखीचा झालाय. "काय सर, आज किती डबे मोजलासा?" हे त्याचं रोजचं. एकदा त्याने मोजलेले आणि मी मोजलेले यात दोनचा फरक पडला, तर त्याने आठवडाभर मला चहा पाजला नाही. शेवटी माझंच चुकलं होतं.

नऊ वाजता घरी. मग कागद. हा खरा उद्योग. इंजिनं सगळे सांभाळतात हो. वायपी, वायजी ही वाफेची इंजिनं म्हटली की लोकांचे डोळे पाणावतात, चौथऱ्यावर चढवतात, रंग देतात. कागद कोणी सांभाळत नाही. एका कार्यालयातून (नाव विचारू नका) जुनी रजिस्टरं रद्दीत गेल्याचं मला दोन दिवस उशिरा कळलं. रद्दीवाल्याकडे पोचलो तोवर अर्ध्याच्या वर पुड्या झाल्या होत्या. उरलेली किलोच्या भावाने आणली. एका स्टेशनाचं मालाचं रजिस्टर आहे: गुळाच्या भेल्या, तंबाखूची बोदं, कौलं, सागवान. शेवटची काही पानं नाहीत. ती बहुधा कोणाच्या तरी शेंगदाण्याबरोबर गेली. आमच्या सौ.चं म्हणणं असं की गेली ती नशिबाची, आलेली पलंगाखाली आहेत.

दुपारी झोप न घेता घड्याळं. जुनी किल्लीची घड्याळं दुरुस्त करायचा छंद आहे, त्यातूनही गोष्ट रेल्वेकडेच वळते, खाली कोणी विचारलं तर सांगेन. संध्याकाळी पेटी. गाणं येत नाही, पण दुरून हॉर्न ऐकू आला की पेटीवर तो सूर शोधायचा. डिझेलचा हॉर्न दोन सुरांचा असतो, आणि ते दोन सूर एकमेकांशी कधी नीट जुळत नाहीत. विजेची इंजिनं आल्यापासून मला नवी वही घालावी लागली.

आठवड्यातून एकदा बाहेर. परवा खानापूरकडच्या एका गावात गेलो होतो. एका शेतकऱ्याच्या गोठ्याला आढं म्हणून जुना रूळ टाकलाय. त्याच्या आजोबांनी लिलावात घेतलेला. असे रूळ आपल्या भागात पुष्कळ सापडतात. कुठे तुळई, कुठे कुंपणाचा खांब. रुळाच्या पोटावर, म्हणजे वरचं डोकं आणि खालचा तळवा यांच्या मधल्या पट्टीवर, कारखान्यात लाटतानाच उठावाची अक्षरं उमटतात: कोणासाठी, कोणी, कधी. मी दात घासायचा जुना ब्रश, खडूची पूड आणि पतंगाचा कागद घेऊन स्टुलावर चढलो. एक म्हैस कागदाचं टोक चाटत होती. इंग्रजी 'एस एम आर' स्वच्छ आलं, म्हणजे सदर्न मराठा रेल्वे. पुढे साल, '१८८', आणि शेवटचा आकडा गंजाने खाल्लेला. तासभर घासलं. निघाला नाही. परतताना मालकाने विचारलं, "त्यात सोनं हाय काय हो?"

तर असा दिवस जातो. तुमच्याकडे कोणाच्या ट्रंकेत, माळ्यावर, फडताळात काही असेल तर लिहा. तिकीट, बिल्ला, पत्र, टाइमटेबल, काहीही.

---

खानापूरकर | रविवार, सकाळी ९:०२

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे)! काका, शेवटचा आकडा ७ असणार. बेळगावला गाडी १८८७ ला आली ना?

---

दुसरं गेट | रविवार, सकाळी ९:३०

तिथेच तर मेख आहे. रुळावरचं साल हे लाटल्याचं साल, टाकल्याचं नव्हे. विलायतेत लाटायचा, जहाजात घालायचा, बंदरावर उतरवायचा, बैलगाड्यांनी नाहीतर तयार झालेल्या रुळावरून पुढे न्यायचा. तेव्हा लाइनच्या सालापेक्षा रुळाचं साल मागचंच निघायला हवं. कंपनी १८८२ ची. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात माणसं मेली ती धान्य नव्हतं म्हणून आणि जिथे होतं तिथून आणता येईना म्हणूनही. त्यानंतर सरकारने दुष्काळी मुलखात ज्या लाइनी टाकायला घेतल्या त्यातली ही. म्हणून तर मीटरगेज, दोन रुळांत एकच मीटर अंतर. कमी पैशात जास्त मैल. सुरुवातीचा रूळही किती हलका, यार्डाला चाळीस-एक्केचाळीस पौंड, म्हणजे मीटरला साधारण २० किलो. आज आपल्या दारातून जातो तो मीटरला ६० किलोचा.

हलका होता म्हणूनच तर पुढे जड रूळ आल्यावर तो काढला, विकला आणि गोठ्यावर चढला.

---

इएमडीप्रेमी हुबळी | रविवार, सकाळी १०:१५

सर, एक नंबर. मी रूळवेडाच, पण माझं वेड कॅमेऱ्याचं. हुबळी शेडची डब्ल्यूडीजी-४ (मालगाडीचं डिझेल इंजिन) घाटात खालून ऐकली की अंगावर काटा येतो. ब्रॅगांझा घाटाबद्दल लिहा ना. आणि हुबळीला या, १५०७ मीटरचा प्लॅटफॉर्म चालून दाखवतो, एका टोकाला चहा घेतला तर दुसऱ्या टोकाला पुन्हा लागतो.

---

दुसरं गेट | रविवार, सकाळी ११:००

प्लॅटफॉर्म चाललोय. गुडघ्यांनी दोन दिवस आठवण ठेवली. पण तुमच्याकडचं रेल्वे म्युझियम मला जास्त आवडलं.

घाटाचं थोडक्यात: कॅसलरॉकवरून कुळेपर्यंत उतार ३७ ला १. म्हणजे ३७ पावलं चालायची आणि एक पाऊल वर चढायचं. पायी चालणाऱ्याला काहीच वाटत नाही. लोखंडावर लोखंडाचं चाक असलेल्या गाडीला हा भिंतीसारखा असतो. म्हणून मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावायचे. पुढचा ओढणार, मागचे ढकलणार, आणि मागच्याला पुढचा दिसत नाही. वाफेच्या काळात हे सगळं शिट्टीवर चालायचं. पुढच्याने शिट्टी दिली की मागच्याने उत्तर द्यायचं, मग एकदम जोर. दूधसागरच्या पाण्याच्या आवाजात ती शिट्टी ऐकू येणं हीच एक विद्या होती.

एका निवृत्त फायरमनने मला सांगितलं की तो शिट्टी कानाने नाही, पायाने ऐकायचा. फूटप्लेट थरथरायची म्हणे. आता हे वहीत कोणत्या रकान्यात लिहायचं?

---

तिनईघाटची | रविवार, दुपारी १२:४०

माझ्या आजीचं माहेर गोव्यात, सासर इकडे. ती सांगायची की कॅसलरॉकला इकडचे लोक पिशव्या उघडायचे आणि कुळेला पाखले (पोर्तुगीजांना ती पाखलेच म्हणायची). एकदा तिने लाडवांत अंगठी घालून नेली होती. पकडली गेली नाही, पण नंतर कुठल्या लाडवात होती ते आठवेना, म्हणून सगळे लाडू फोडावे लागले.

मग १९५५ ला गाडीच बंद झाली. रूळ होता, गाडी नाही. सहा-सात वर्षं ती माहेरी गेली नाही. तिचे वडील त्या मधल्या काळात गेले. बातमी कोणी तरी फिरून-फिरून आणली, तोवर बारावं-तेरावं होऊन गेलं होतं. गाडी सुरू झाल्यावर ती पहिल्यांदा गेली तेव्हा घरात कोणी रडलं नाही म्हणे, कारण त्यांचं रडून झालं होतं. तिचं राहिलं होतं.

---

दुसरं गेट | रविवार, दुपारी १:२०

ताई, हे मला कुठल्याच रजिस्टरात मिळालं नसतं. पोर्तुगीज आणि इंग्रज यांचा करार १८७८ चा, मग त्यांची वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे, मुरगाव बंदर, देशावरचा कापूस समुद्राला लावायचा बेत, हे सगळं छापील आहे. लाडू नाहीत. तुमची परवानगी असेल तर आजींचं नाव न घालता वहीत उतरवून ठेवतो.

---

तिनईघाटची | रविवार, दुपारी १:२५

ठेवा की. रव्याचे होते, तेही लिहा.

---

चिकोडी रोडवाला | रविवार, दुपारी ३:०५

माझा आयुष्यभराचा प्रश्न. चिकोडी रोडला उतरलं की चिकोडी कुठे आहे? पुण्याहून मित्र आला, "स्टेशनावर उतरलो, पाच मिनिटांत चालत येतो" म्हणाला. अरे बाबा, बस पकड.

---

दुसरं गेट | रविवार, दुपारी ३:४०

:) 'रोड' लागलं की समजायचं, गाव इथे नाही, गावाला जायचा रस्ता इथून आहे. गोकाक रोडचंही तेच. इंजिनियर लाइन आखताना गावं बघत नव्हते, चढ आणि नद्या बघत होते. कृष्णा कुडचीला ओलांडायची, घटप्रभा पुढे. या दोन पुलांच्या जागा ठरल्या की मधली लाइन जवळजवळ आपोआप ठरते. ज्यांची गावं बाजूला राहिली त्यांना 'रोड' मिळालं. निपाणीला तर तेही नाही. एवढी तंबाखूची पेठ, आणि बैलगाडी, मग ट्रक.

---

शहापुरी | रविवार, संध्याकाळी ५:१०

तुम्ही वर 'बेळगाव' लिहिलंत, स्टेशनावर पाटी काय आहे ते बघितलंत का? आपल्या भाषेला तिथे जागा नाही, आणि तुम्ही इंजिनाचे नंबर मोजताय! १९५६ पासून हेच चाललंय, आणि आपले लोक

---

संपादक मंडळ | रविवार, संध्याकाळी ५:३२

वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग संपादित केला आहे. सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत, तिथे लिहा.

---

दुसरं गेट | रविवार, संध्याकाळी ६:००

शहापुरी, राग समजतो, मीही इथलाच आहे. एवढंच सांगतो की मी कागदावर त्या-त्या काळात जे नाव असेल तेच उतरवतो. जुन्या कागदांत बेलगाम, १ नोव्हेंबर २०१४ नंतर बेळगावी, आणि माझ्या तोंडात बेळगाव. अवांतर: तुमचं शहापूर तर संस्थानी काळात सांगलीकरांचं होतं. स्टेशन इंग्रजांच्या हद्दीत, आणि थोडं पुढे गेलं की सांगली संस्थान. त्या काळचा माल कुठल्या हद्दीतून कसा जायचा याचं काही तुमच्या घरात असेल तर सांगा ना. भांडणापेक्षा मला त्याचा उपयोग होईल.

---

शहापुरी | रविवार, संध्याकाळी ६:४५

आजोबांचं साड्यांचं दुकान होतं. चोपड्या आहेत. बघतो.

---

मिरज जंक्शन | रविवार, रात्री ८:२०

मिरजेचं नाव कोणी काढलं नाही म्हणून आलो. आमच्याकडे एके काळी तिन्ही गेज होते. ब्रॉड, मीटर आणि लातूरकडे जाणारी छोटी. मुंबईहून ब्रॉडगेजने पहाटे उतरायचं आणि बेळगावकडच्या मीटरगेजमध्ये खिडकी मिळावी म्हणून पुलावरून पळायचं. माझ्या वडिलांच्या पायात एकदा एकच चप्पल उरली होती, पण खिडकी मिळाली. आणि मालाचं तर विचारू नका, एका वाघिणीतून काढून दुसरीत घालायचा, गूळ, हळद, सगळं हमालांच्या पाठीवर.

आता मुद्दा. वडील स्टेशनात होते. ते गेल्यावर कपाटात एक लोखंडी गोळा सापडला, लिंबाहून मोठा, त्यावर दोन स्टेशनांची अक्षरं कोरलेली. हा काय प्रकार? एक जण चांगले पैसे देतो म्हणतोय.

---

दुसरं गेट | रविवार, रात्री ९:००

तो नीलच्या यंत्राचा टोकन गोळा. एकेरी लाइनवर दोन स्टेशनांत दोन यंत्रं, तारेने एकमेकांना बांधलेली. दोन्हीकडचे मास्तर राजी झाल्याशिवाय गोळा बाहेर पडत नाही, आणि एक बाहेर असेल तर दुसरा कोणत्याही यंत्रातून निघतच नाही. ड्रायव्हरच्या हातात गोळा म्हणजे पुढच्या स्टेशनापर्यंतचा रूळ त्याचा एकट्याचा. समोरून गाडी येणार नाही याची ती हमी. गाडी थांबणार नसेल तर गोळा कातड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या रिंगला, आणि फायरमनने धावत्या गाडीतून दंडात ती रिंग अडकवायची. जुन्या फायरमनच्या दंडावर काळंनिळं असायचंच.

पैशांचं: घेऊ नका. ही गोष्ट रेल्वेची आहे. वडिलांनी आठवण म्हणून ठेवली असेल, मी त्यांना नावं ठेवत नाही, पण विकलीत तर तिचा ठावठिकाणा संपला. फोटो काढा, कोरलेली अक्षरं कागदावर घासून घ्या आणि म्युझियमला द्या, वडिलांच्या नावाची नोंद करून.

---

इएमडीप्रेमी हुबळी | रविवार, रात्री ९:१८

+१. पण सर, तुमच्या पलंगाखालची रजिस्टरं कोणाची मग? ;)

---

दुसरं गेट | रविवार, रात्री ९:५०

पकडलंत. रद्दीची पावती माझ्याकडे आहे, तरी प्रश्न रास्त आहे. स्कॅनिंग चालू आहे, पूर्ण झालं की मूळ प्रती जिथे उंदीर नाहीत अशा एखाद्या ग्रंथालयाला देणार. आमच्या सौ. हा प्रतिसाद वाचून म्हणाल्या, "तारीख लिहा." लिहिली नाही.

---

कुडचीचा जोशी | सोमवार, सकाळी ७:३०

घड्याळांची गोष्ट सांगेन म्हणालात. मी पत्रिका बघतो. माझ्याकडे एका पणजोबांचं टिपण आहे: जन्म १८९९, "सकाळी ६ वाजून १० मिनिटे, स्टेशनचे वेळेप्रमाणे". हे काय?

---

दुसरं गेट | सोमवार, सकाळी ९:१५

वा! याचीच वाट बघत होतो. माझ्याकडे येणाऱ्यांत रूळवेड्यांपेक्षा ज्योतिषी जास्त असतात, खोटं नाही सांगत.

त्या काळी रेल्वेची घड्याळं मद्रासच्या वेळेवर चालायची, सगळ्या देशात. भारतीय प्रमाणवेळ आली १९०५-०६ ला. मद्रास आपल्या पूर्वेला, तिथे सूर्य आधी उगवतो. बेळगाव परिसराचं रेखांश ७४.५ धरलं आणि मद्रासचं ८०.२५, तर फरक पावणेसहा अंशांचा. अंशाला चार मिनिटं. म्हणजे स्टेशनचं घड्याळ गावच्या सूर्याच्या २३ मिनिटं पुढे. तुमच्या पणजोबांचा जन्म गावच्या वेळेने ५ वाजून ४७ मिनिटांनी. आजच्या घड्याळात सांगायचं तर ६ वाजून १९. जन्मलग्न बदलतं का ते तुम्ही बघा, ते खातं माझं नाही. कुडचीचं रेखांश थोडं पुढे आहे, मिनिटभराचा फरक तुम्हीच सारखा करून घ्या.

आणि ज्याने "स्टेशनचे वेळेप्रमाणे" हे दोन शब्द लिहून ठेवले त्याला माझा नमस्कार. बाकीचे नुसतं "सकाळी" लिहून मोकळे होतात.

---

खानापूरकर | सोमवार, रात्री १०:४०

काका, तुमच्या गोठ्याचा पत्ता व्यनित मागितला होता ना, आज संध्याकाळी जाऊन आलो. दिवसा बघू नका, अंधारात बघा! मोबाइलची बॅटरी रुळाला अगदी चिकटवून आडवी धरली, म्हणजे उजेड पट्टीवरून सरपटत जातो आणि थोडासा उठाव असला तरी सावली पडते. पुसलेली नाणी वाचायला आमचे सर असंच करायचे. म्हशीने शेपटी मारून एकदा मोबाइल पाडला, पण फोटो आलाय. मला ५ दिसतोय. फोटो व्यनित टाकला.

---

दुसरं गेट | सोमवार, रात्री ११:०५

पाचच आहे. पोटाची गोलाई आणि वरची आडवी रेघ, दोन्ही. १८८५! मी तासभर ब्रश घासत बसलो आणि उपाय होता दिवा मालवायचा. इतक्या रात्री आनंदाने पेटी काढली तर शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

---

वडगावची वीणा | मंगळवार, दुपारी २:१५

बरेच दिवस वाचनमात्र होते. हा धागा वाचून आजीच्या ट्रंकेत हात घातला. पुठ्ठ्याचं एक छोटं तिकीट आहे. बेळगाव ते शेडबाळ, थर्ड क्लास. कोपऱ्यात इंग्रजी 'एस आर'. भाडं आण्यात आहे. कडेला तारीख दाबलेली दिसते, ऑगस्ट कळतंय, साल लागत नाही. आजी नव्वदीच्या घरात आहे, शेडबाळ तिचं माहेर. कधीचं असेल?

---

दुसरं गेट | मंगळवार, दुपारी ३:००

फार सुंदर नमुना. हातात नसताना सांगतो, बघा पटतं का.

थर्ड क्लास १९७४ ला गेला, म्हणजे त्याआधीचं. 'एस आर' म्हणजे सदर्न रेल्वे. आपली लाइन १९०८ पासून एम अँड एस एम (मद्रास अँड सदर्न मराठा), १४ एप्रिल १९५१ ला सदर्न, २ ऑक्टोबर १९६६ ला साउथ सेंट्रल, आणि २००३ पासून साउथ वेस्टर्न. म्हणजे १९५१ ते १९६६. आता आणे. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. तेव्हा तुमचा ऑगस्ट १९५१ ते १९५६ या सहांपैकी एक. खानापूरकरांची बॅटरी आडवी धरून तारीख बघा. तारखेचं यंत्र पुठ्ठ्यात खोल दाबायचं.

आणि एक गोष्ट बघाल का? तिकिटाच्या कडेला चिमट्याने काढलेला तुकडा आहे का, खाचेसारखा?

---

वडगावची वीणा | मंगळवार, दुपारी ३:२०

नाही. कडा सगळ्या शाबूत आहेत. का?

---

दुसरं गेट | मंगळवार, दुपारी ३:४५

प्लॅटफॉर्मवर जाताना किंवा गाडीत चिमटा मारायचे, आणि उतरल्यावर फाटकात तिकीट जमा करून घ्यायचे. प्रवास झालेलं तिकीट सहसा माणसाकडे उरतच नाही. म्हणून जुनी तिकिटं दुर्मीळ. तुमचं तिकीट चिमटलेलं नाही आणि जमाही झालेलं नाही. बहुतेक या तिकिटावर कोणी गेलंच नाही.

---

तिनईघाटची | मंगळवार, संध्याकाळी ४:१०

ऑगस्ट. श्रावण. पंचमीला माहेरी जायचं असणार हो.

---

वडगावची वीणा | बुधवार, सकाळी ११:३०

आजीला विचारलं. बॅटरीने साल ५४ दिसतं.

आधी म्हणाली, कसलं तिकीट, मला काय आठवतंय. मग जेवण झाल्यावर स्वतःच बोलली. पंचमीला भाऊ न्यायला आला होता. स्टेशनात गेली, तिकिटं काढली, बाकावर बसली. मागोमाग घरून सायकलवर माणूस आला, सासूबाई पाय घसरून पडल्या. भावाने त्याचं तिकीट परत देऊन पैसे घेतले. हिने दिलं नाही. "का गं?" विचारलं तर म्हणाली, "पुढच्या आठवड्यात चालंल असं वाटलं मला." मग हसली. त्या वर्षी जाणं झालंच नाही. झोका बांधला होता म्हणे दारातल्या चिंचेला, तो भावाने एकट्याने सोडला.

म्युझियमला द्यायचं का विचारलं, तर तिकीट माझ्या हातातून काढून परत ट्रंकेत ठेवलं. संध्याकाळी विचारते, "शेडबाळला गाडी अजून थांबते काय?"

---

मिरज जंक्शन | बुधवार, दुपारी १२:०५

थांबते! पॅसेंजर थांबते. आणि तो गोळा हुबळीला द्यायचं ठरवलंय, जाता जाता सांगतो.

---

दुसरं गेट | बुधवार, दुपारी १२:३०

वीणाताई, तिकीट ट्रंकेतच राहू दे, योग्य जागी आहे. फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, आपल्याकडच्या पावसात पुठ्ठा घामेजतो. साध्या कागदात गुंडाळा, जवळ डांबरगोळी नको.

आजींना न्यायचं ठरलं तर मला आदल्या दिवशी कळवा. मिरजेकडच्या पॅसेंजरला बेळगावात गर्दी उसळते आणि नव्वदीच्या माणसाला धक्काबुक्की झेपायची नाही. मी वेळेच्या आधी जाऊन खिडकीपाशी रुमाल टाकून ठेवतो. कुडचीचा पूल कोणत्या बाजूने चांगला दिसतो ते मला पाठ आहे.